बागेतील खोपीचे जोते

घर बांधावयाचे ठरले म्हणजे भिंती चिऱ्याच्या की विटांच्या, वर कौले की पत्रा, दरवाजा कोणत्या लाकडाचा, यांविषयी माणसे महिनोन्‌महिने बोलत असतात. जोत्याविषयी बोलणारा क्वचितच भेटतो. राहते घर असेल तर निदान गवंडी जोत्याची काळजी वाहतो. परंतु बागेत अवजारे ठेवावयास, आंब्याच्या पेट्या रचावयास अथवा राखणदाराच्या निवाऱ्यास जी दहा-बारा फुटांची खोपी आपण उभी करतो, तिच्या वाट्यास तेवढीही काळजी येत नाही. ‘एवढीशी तर खोपी’ असे म्हणून दोन दिवसांत जमीन खरडली जाते, खालच्या बाजूस माती लोटून जागा सपाट दिसेलशी केली जाते, आणि लगेच चिरे चढू लागतात. पुढे पावसाळा येतो. एक कोपरा दोन बोटे खाली बसतो, दार चौकटीत अडकू लागते, भिंतीतून तिरका तडा जातो. मग दोष गवंड्याच्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा तो हात निर्दोष असतो. हात लावण्यापूर्वी जमीन कोणी ओळखून घेतलेली नसते, हे खरे कारण असते.

या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे: जोत्याच्या सर्व भिंती सारख्याच भक्कम जमिनीवर उभ्या असाव्यात, आणि जोत्याचा माथा सपाट ठेवताना भोवतालच्या पाण्याला मात्र उतार द्यावा. पुढील सर्व विवेचन या दोन गोष्टींचा विस्तार आहे.

पाऊस आणि छप्पर

प्रथम पावसाचा हिशेब करू. पुणे जिल्ह्यातही एक खेड आहे, ज्याला आज राजगुरुनगर म्हणतात. तेथे चालणारी बांधकामाची पद्धत आपल्या जगबुडीकाठच्या खेडात जशीच्या तशी चालत नाही, कारण आपल्या पावसाचा तिसरा हिस्साही तेथे पडत नाही. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

समजा, खोपी आतून १० फूट रुंद व १२ फूट लांब आहे आणि तिचे छप्पर चहूबाजूंनी दोन-दोन फूट बाहेर आले आहे. म्हणजे छपराने १४ फूट गुणिले १६ फूट इतकी जागा झाकली. ही २२४ चौरस फुटांची, म्हणजे सुमारे २१ चौरस मीटरांची जागा झाली. तीवर ३ मीटर पाऊस पडला तर ६० हजार लिटरांहून अधिक पाणी होते. दोनशे लिटरांच्या पिंपांनी मोजावयाचे तर तीनशेंवर पिंपे! एवढे पाणी एका चिमुकल्या छपरावरून पागोळ्यांनी नेमके जोत्याच्या कडेशीच ओतले जाते. आणि यात डोंगराच्या वरच्या अंगाने वाहत येणारे पाणी धरलेलेच नाही. हा आकडा ज्याने एकदा ध्यानात घेतला, तो जोत्याकडे निष्काळजीपणे पाहणार नाही.

जागेची निवड

खेडाच्या आसपास बागेची जमीन दोन तऱ्हांची असते. एक नदीकाठची सपाट मळीची, आणि दुसरी डोंगरउताराची लाल मातीची.

नदीकाठी सपाटी आयतीच मिळते. म्हणून तेथे खोपी बांधणे सोपे वाटते. परंतु सपाट मळी ही नदीनेच पुराच्या वेळी आणून पसरलेली असते, आणि जी जागा नदीने एकदा आपली म्हटली ती ती पुन्हा मागते. २६ जुलै २००५ चा पूर आणि २२ जुलै २०२१ चा पूर हे दोन्ही खेडकरांनी पाहिलेले आहेत. जलसंपदा खात्याच्या नकाशांवर नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा ही २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा ही १०० वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. ‘आत्ताच पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे चिंता नाही’ असे त्यांना वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ इतकाच, की दरसाल तशा पुराची शक्यता शेकडा ४ आहे, आणि ती गेल्या वर्षीच्या पुराने कमी होत नाही. गणित केल्यास असे दिसते की, निळ्या रेषेवर बांधलेल्या खोपीला २५ वर्षांत निदान एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता शेकडा ६४ आहे. तेव्हा मळीत खोपी बांधावयाची तर ती रेषेच्या वर बांधावी. आणि नगरपरिषदेची वा ग्रामपंचायतीची परवानगी लागते की कसे, हेही पहिला खुंटा ठोकण्यापूर्वी विचारून घ्यावे.

डोंगरउताराची गोष्ट निराळी. तेथे पुराची भीती नाही, परंतु सपाटी नाही. ती आपणांस करावी लागते, आणि ती करताना आपण डोंगराच्या पायाशी खेळत असतो. २०२१ च्या जुलैतील त्याच अतिवृष्टीत आपल्या तालुक्यातील पोसरे येथे दरड घरांवर येऊन माणसे गेली. पाण्याने भरलेला डोंगर किती जड आणि किती सैल होतो, हे त्या वेळी साऱ्यांनी पाहिले. म्हणून जेथे जमिनीला आडव्या भेगा आहेत, जेथे झाडे खालच्या बाजूस कलली आहेत, किंवा जेथे पावसाळ्यात नवे झरे फुटतात, तेथे उभा काप घेऊन खोपीची जागा करू नये. थोडी दूरची जागा चालेल, पाण्याची खेप जास्त झाली तरी चालेल.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे बोलली पाहिजे. राहत्या घराच्या जोत्याखाली आपण पैसा ओततो, कारण तेथे आपण स्वतः निजतो. बागेतील खोपीत निजतो तो राखणदार. आपल्या जिल्ह्यातील आंब्याच्या बागांत ही माणसे पुष्कळदा फार दुरून, अगदी नेपाळातूनही आलेली असतात, आणि कधी कधी बायकामुले त्यांच्याबरोबर असतात. त्यांना हा डोंगर ठाऊक नसतो. जागा कोणती निवडावी यात त्यांना विचारीत कोणी नाही. तेव्हा जागा निवडणाराने ‘येथे आषाढातल्या रात्री मी निजेन काय?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा, आणि उत्तर नकारार्थी आले तर जागा बदलावी.

पायाखाली काय आहे?

आपल्या भागाचा मूळ दगड काळा, म्हणजे ज्वालामुखीच्या रसाचा. हजारो पावसाळ्यांनी तो कुजून, त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून जाऊन, लोह मागे राहिले आणि त्याचा जांभा झाला. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या इंग्रज सरकारच्या वैद्याने मलबारात हा दगड पाहिला, आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीतून काढताना जांभा हत्याराने कापता येतो आणि वाऱ्या-उन्हात तो कठीण होतो, म्हणून विटेवरून हे नाव. आपण त्याला चिरा म्हणतो, यातही कापण्याचाच भाव आहे.

जोते घालणाराला जांभ्याची एक खोड मात्र ठाऊक असली पाहिजे. त्याचा वरचा थर टणक असतो, पण त्याखाली पुष्कळ ठिकाणी मऊ, पिवळट-पांढरट चिकण माती असते. म्हणून ‘जितका खोल तितका भक्कम’ हा समज येथे नेहमीच खरा ठरत नाही. टणक थर लागला असताना तो फोडून खाली गेले, तर भक्कम जागा सोडून आपण मऊ जागेवर येतो. परीक्षा सोपी आहे. वरची काळपट, मुळ्यांनी भरलेली माती सहा ते नऊ इंच काढून टाकावी. ती फेकू नये, कलमांच्या आळ्यांत घालावी. मग उघड्या झालेल्या जमिनीवर ठिकठिकाणी पहार मारून पाहावी. जेथे पहार उसळते व आवाज खणखणीत येतो ती जागा भार घेईल. जेथे ती मुकाट्याने आत शिरते तेथे अजून खणावे लागेल, किंवा जागा थोडी सरकवावी लागेल. चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर, निदान पाच ठिकाणी तरी ही परीक्षा करावी, कारण प्रश्न जमीन मऊ की कठीण एवढाच नाही. ती सगळीकडे सारखी आहे काय, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

इटलीतील पिसा येथील कलता मनोरा जगाला ठाऊक आहे. त्याचे बांधकाम ११७३ साली सुरू झाले, आणि थोडेच मजले चढल्यावर तो कलू लागला. त्याखालची जमीन मऊ होती, आणि एका बाजूस अधिक बसत गेली. ती सर्वत्र सारखी बसली असती तर मनोरा थोडा बुटका झाला असता, पण सरळ राहिला असता. पुढे १९९० साली तो लोकांसाठी बंद करावा लागला. तेव्हा इंजिनिअरांनी खचलेल्या बाजूस टेकू लावून तो उचलला नाही. उलट, उंच राहिलेल्या बाजूखालील माती हळूहळू काढून त्यांनी ती बाजूही थोडी बसू दिली, आणि २००१ साली मनोरा पुन्हा खुला झाला. इमारतीला बसणे सोसते, परंतु एका अंगाने कमी व दुसऱ्या अंगाने जास्त बसणे सोसत नाही. हे आपल्या खोपीच्या बाबतीतही तितकेच खरे आहे.

आखणी

जागा ठरली की आखणी. त्यास चार खुंटे, दोरी आणि टेप एवढे साहित्य पुरते. पहिली दोरी उताराला आडवी, म्हणजे डोंगराच्या अंगाला समांतर ताणावी. लांब भिंत या दोरीवर घेतली तर खणती कमी होते. दुसरी दोरी हिच्याशी काटकोनात हवी. गवंड्याचा गुण्या लहान असतो, आणि त्यातील केसाएवढी चूक बारा फुटांवर बोटभर होते. म्हणून कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फूट, दुसरीवर ८ फूट मोजावे, आणि त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर १० फूट येईल तोवर दुसरी दोरी सरकवावी. ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी रचलेल्या शुल्बसूत्रांत अशाच मापांनी काटकोन साधला आहे, आणि ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच. आयताच्या कर्णाचा नियम बौधायनाने त्यात सांगितलेला आहे.

चारही बाजू झाल्यावर शेवटची तपासणी म्हणून दोन्ही कर्ण मोजावेत. १० बाय १२ फुटांच्या आयतात प्रत्येक कर्ण १५ फूट साडेसात इंचांच्या जवळपास आला पाहिजे. माप थोडे इकडेतिकडे झाले तरी चालेल, परंतु दोन्ही कर्ण एकमेकांशी सारखे हवेत. खुंटे भिंतीच्या कोपऱ्यावर ठोकू नयेत, दोन-तीन फूट बाहेर ठोकावेत. नाहीतर पाया खणताना पहिल्याच दिवशी खुंटे निघतात आणि आखणी मजुरांच्या आठवणीवर चालते.

पातळी

डोळ्याने पातळी पाहणाऱ्याला उतारावर डोंगर हटकून फसवितो. चढाच्या बाजूची जमीन सपाट भासते आणि खरी सपाट रेषा वर चढल्यासारखी दिसते. पाणी मात्र फसत नाही. पाणसळ या शब्दातच पाणी आहे. काचेच्या नळीतील बुडबुड्याची पाणसळ सतराव्या शतकात, १६६० च्या दशकात, थेवनो नावाच्या फ्रेंच विद्वानाने काढली. त्याआधी ओळंबा आणि उघडे पाणी यांवरच साऱ्या जगाचे काम चाले. बारा फुटांच्या अंतरासाठी आजही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीची दोन्ही तोंडे उघडी असली की तिच्या दोन टोकांतील पाणी एकाच पातळीला येऊन थांबते, मग मधली नळी खड्ड्यातून जावो की झाडामागून.

दोन पथ्ये तेवढी पाळावीत. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि मोजताना तोंडावर अंगठा ठेवू नये. आरंभी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी सारख्या उंचीवर येते की नाही हे पाहावे. आले नाही तर नळीत कोठेतरी हवा आहे. लाकडी अगर लोखंडी पाणसळ वापरावयाची तर तीही तपासावी. एकदा पाहून ती त्याच जागी उलटसुलट फिरवून ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी आला तर साधन खरे.

प्रथम चढाकडील खुंट्यावर जोत्याच्या माथ्याची खूण करावी. ही खूण तेथील जमिनीपासून निदान एक फूट वर असावी. मग नळीने तीच खूण उरलेल्या तीन खुंट्यांवर न्यावी. समजा, आपल्या जागेचा उतार आठास एक असा आहे, आणि झाडांमुळे लांब भिंत उताराच्या दिशेने घ्यावी लागली आहे. तर बारा फुटांत जमीन दीड फूट उतरते, म्हणजे उताराकडील टोकाला जोते जमिनीपासून अडीच फूट वर येईल. हा आकडा कागदावर आला की किती चिरे, किती मुरूम, किती मजुरी हे सारे आधीच कळते. पुष्कळ खोप्यांचा खर्च दुप्पट होतो तो एवढे साधे मोजमाप न केल्यामुळे.

भिंत जमिनीवर, फरशी भरीवर

आता मुख्य मुद्दा. उतारावर सपाटी करण्याची रूढ रीत म्हणजे वरची माती कापून खाली लोटणे. वरची अर्धी खोपी मूळच्या घट्ट जमिनीवर येते, खालची अर्धी सैल मातीवर. हीच पिशाच्या मनोऱ्याची स्थिती. पावसाळ्यात खालची माती बसते, वरची बसत नाही, आणि जेथे दोन्ही मिळतात तेथे भिंत तडकते.

यास उपाय असा. चारही भिंतींचा पाया भर ओलांडून मूळच्या भक्कम जमिनीत निदान दीड फूट न्यावा. उताराच्या दिशेने जाणाऱ्या भिंतींचा चर एकाच खोलीचा न खणता पायऱ्यापायऱ्यांनी खणावा, आणि प्रत्येक पायरीचा तळ पाणसळीने सपाट करावा. चराचा तळ तिरपा ठेवला तर भिंत उतारावर घसरू पाहते. पायरीची उंची चिऱ्याच्या एका थराइतकी ठेवली म्हणजे चिरे फोडावे लागत नाहीत. पायात शक्यतो काळा दगड वापरावा आणि जमिनीच्या वर चिरा घ्यावा, कारण जांभा सच्छिद्र असल्यामुळे ओल ओढतो. चिरे निवडताना हातोडीने वाजवून पाहावेत. बद्द वाजणारा चिरा आतून मातीचा असतो.

अशा रीतीने चार भिंतींची चौकट जोत्याच्या माथ्यापर्यंत आली की मधला हौद भरावयाचा. या भरीवर येणार ती फक्त फरशी आणि तिच्यावरचे सामान. भिंतीचा भार भरीवर येत नाही, म्हणून भर थोडी बसली तरी भिंत तडकत नाही.

भर कशी घालावी?

भरीत काळी माती, पालापाचोळा, मुळ्या, लाकडाचे तुकडे काहीही जाऊ देऊ नये. ते कुजते तेथे पोकळी होते, आणि त्यावर वाळवी पोसली जाते. चांगला मुरूम घ्यावा. तो एकदम ओतू नये. सहा इंचांहून जाड नसलेला थर पसरावा, पाणी शिंपडावे, धुम्मसाने ठोकावा, मग पुढचा थर. अडीच फूट भर एकदम टाकून वरून ठोकली तर वरचे सहा इंच घट्ट होतात आणि खालचे दोन फूट सैलच राहतात. धुम्मसाचा मार तितका खोल पोचत नाही.

पाणी किती घालावे, यात मोठे मर्म आहे. माती अगदी कोरडी असेल तर कण एकमेकांना घासतात आणि जवळ येत नाहीत. फार ओली असेल तर कणांमधल्या जागेत पाणीच ठाण मांडून बसते आणि ठोके मारले तरी हटत नाही. मधल्या एका ओलाव्यावर माती सर्वांत अधिक घट्ट होते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे मातीची धरणे बांधणारे इंजिनिअर प्रॉक्टर यांनी १९३३ साली ही गोष्ट प्रयोगांनी मांडली, आणि आज रस्ते, रेल्वेचे भराव व मातीची धरणे हे सारे त्याच कसोटीवर उतरवितात. आपल्याकडे भात झोडण्यासाठी खळे करणाऱ्या बायामाणसांना मात्र हे हाताने ठाऊक होते. खळे चोपावयाचे ते जमीन वाफशावर आली म्हणजे, कोरड्या जमिनीवर नाही आणि चिखलातही नाही. आपली परीक्षाही तीच: मुरमाची मूठ आवळावी. गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. छातीच्या उंचीवरून तो टाकला तर फुटला पाहिजे. प्रत्येक थर ठोकून झाल्यावर टाच रोवून पाहावी. टाचेचा खळगा पडला तर थर अजून झालेला नाही.

जुन्या काळी पुष्कळ ठिकाणी जोते भरून एक पावसाळा तसेच ठेवीत, आणि फरशी दुसऱ्या वर्षी करीत. ती चालढकल नव्हती. ठोकणे अपुरे असेल तेथे पाऊस भर बसवून देतो, हे त्यांनी पाहिलेले होते. आजही ज्याला घाई नाही त्याने हाच मार्ग धरावा. ज्याला घाई आहे त्याने थर आणि ओलावा यांत कुचराई करू नये.

गडगा का टिकतो?

काप घेतलेल्या बाजूस किंवा भरीच्या खालच्या बाजूस आधाराची भिंत लागते. येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. सुट्या दगडांचा, चुना-सिमेंट न लावलेला जुना गडगा वर्षानुवर्षे उभा असतो, आणि त्याच्या शेजारची सिमेंटची नवी भिंत तीन-चार पावसाळ्यांत पोट काढते. कारण पाणी. गडग्याच्या फटींतून पाणी निघून जाते. सिमेंटच्या भिंतीमागे ते साठते, आणि साठलेले पाणी भिंतीला रेटते. एक मीटर उंचीपर्यंत पाणी साठले तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा येतो. उंची दुप्पट झाली तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे २,००० किलो. मातीचा रेटा याहून वेगळा. म्हणून सिमेंटची भिंत बांधावयाची तर तिच्या तळाशी दर चार-पाच फुटांवर पाणी बाहेर पडण्यासाठी नळकांडी ठेवावीत, आणि भिंतीमागे माती न भरता फूटभर रुंदीची खडी भरावी. पुरुषभर उंचीहून अधिक काप असेल तर मात्र हा विषय गवंड्याच्याही पलीकडचा आहे. तेथे इंजिनिअरला जागा दाखविल्यावाचून काम करू नये.

पाण्याची वाट

जोत्याच्या वरच्या बाजूस, चार-पाच फूट अंतरावर, डोंगराचे पाणी अडवून बाजूस नेणारा चर खणावा. त्याला आठ फुटांत एक इंच उतार पुरतो. याहून फार जास्त दिला तर चरच खणत जातो. चराचे पाणी शेजाऱ्याच्या बागेत किंवा खालच्या घरावर सोडू नये, मूळच्या वहाळात सोडावे. जोत्याभोवती तीन फूट रुंदीची पट्टी दोन इंच बाहेर उतरती करून तीवर चिरे किंवा खडी बसवावी, म्हणजे पागोळ्यांनी जोत्याची मुळे उघडी पडत नाहीत. पन्हळ लावता आली तर उत्तमच. तिचे पाणी पिंपात किंवा टाकीत धरल्यास पावसाच्या उघडिपीत बागेच्या कामी येते.

खोपीच्या आतील फरशी सपाट असावी. पुढे पडवी असेल तर तिला मात्र पाच फुटांत एक इंच बाहेर उतार द्यावा. फरशी सिमेंटची करावयाची असल्यास ठोकलेल्या भरीवर खडीचा थर, त्यावर ओल अडविणारा जाड प्लास्टिकचा कागद, आणि त्यावर एकास दोन वाळू, चार खडी या प्रमाणातले चार इंच काँक्रीट पुरे. त्यावर निदान सात दिवस पाणी ठेवावे. काँक्रीट वाळून घट्ट होते असा समज आहे तो चुकीचा. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि पाणी लवकर उडाले तर कच्चेच राहते.

लोखंडी सांगाड्याची, पत्र्याची हलकी खोपी उभी करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जड इमारत जमिनीत रुतू पाहते, हलकी इमारत वाऱ्याबरोबर उडू पाहते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने शेजारच्या दापोली-मंडणगडात किती छपरे उचलली हे आपण जाणतो. तेव्हा जोते घालतानाच खांबांच्या जागी लोखंडी बोल्ट काँक्रीटमध्ये खोल पुरून ठेवावेत, म्हणजे खोपी जोत्याला बांधली जाते. मागाहून भोके पाडून बसविलेले बोल्ट तितकी पकड घेत नाहीत.

कामाचा काळ

ही सारी कामे भातकापणी उरकल्यावर, मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत करावीत. जमिनीत तेव्हा थोडी ओल असते, खणणे सोपे जाते आणि मुरूम वाफशावर मिळतो. वैशाखात जमीन दगडासारखी होते, आणि मृग तोंडावर आला की प्रत्येकाला घाई सुटते. घाईत पहिल्यांदा कापले जातात ते धुम्मसाचे ठोके.

जोते पुरे झाले म्हणजे त्याची खरी तपासणी पहिल्या मोठ्या पावसात होते. त्या दिवशी छत्री आणि फावडे घेऊन अर्धा तास बागेत जावे. वरच्या चरातून पाणी वाहते की तुंबते, पागोळी कोठे माती उकरते, खालच्या भिंतीची नळकांडी गळतात की कोरडीच आहेत, हे पाहावे. कोरडी असतील तर भिंतीमागे पाणी साठत आहे असे समजून ती काठीने मोकळी करावीत. जेथे डबके दिसेल तेथे तिथल्या तिथे फावड्याने वाट काढून द्यावी. त्या अर्ध्या तासात जे दुरुस्त होते, ते आश्विनात गवंडी आणून दुरुस्त करावयास आठ दिवस लागतात.